वोल्नत्साखचं हॉप संग्रहालय: जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्युनिक, इंगोलश्टाट, न्यूरेम्बर्ग या पट्ट्यात आता पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. उन्हाळ्यात गावाकडून आई-वडील, सासू-सासरे येतात. किल्ले, सरोवरं, चर्चं बघून झाली की शेतीत आयुष्य घालवलेली ही माणसं विचारतात, "इथले शेतकरी काय पिकवतात गं?" त्यांना मी वोल्नत्साखला नेते. गेल्या काही वर्षांत ओळखीच्यांनी आणि त्यांच्या ओळखीच्यांनी त्याबद्दल जे जे विचारलं, ते सगळं इथं एकत्र केलं आहे.

हे संग्रहालय कुठं आहे आणि कशाचं आहे?

वोल्नत्साख हे बव्हेरियातलं छोटं गाव, म्युनिकच्या उत्तरेला साधारण ५० किलोमीटरवर. त्याच्या चहूबाजूंना हालरटाऊ नावाचा प्रदेश पसरला आहे. इथली माणसं बोलताना त्याला होलेडाऊ म्हणतात. बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या वेलींचं सलग पसरलेलं जगातलं सर्वांत मोठं क्षेत्र हेच. सोळा-सतरा हजार हेक्टरवर हे एकच पीक आहे. जर्मन हॉप संग्रहालय या गावात २००५ साली उघडलं. हॉप्सची लागवड, तोडणी, वाळवणी, व्यापार आणि त्यामागची माणसं हा त्याचा विषय.

आम्ही दारूला शिवत नाही. वडील तर माळकरी आहेत. त्यांना नेलं तर चालेल का?

चालेल, आणि अगदी निर्धास्तपणे न्या. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, म्हणून स्पष्टच सांगते: हे बिअरचं संग्रहालय नाही, शेतीचं आहे. बिअरचा उल्लेख येतो, कारण जगातले जवळपास सगळे हॉप्स शेवटी तिकडंच जातात. पण आत फिरताना डोळ्यांसमोर राहतो तो शेतकरी, त्याचा मांडव, त्याची भट्टी आणि त्याच्या शेतात राबायला आलेला मजूर. चव घेण्याचे कार्यक्रम अधूनमधून वेगळे ठरवलेले असतात, त्यांचा साध्या भेटीशी संबंध नाही.

माझा अनुभव उलटाच आहे. केवळ बिअरच्या ओढीनं आलेले तरुण अर्ध्या तासात बाहेर पडतात. ज्यांनी कधी बागेला पाणी दिलंय, औषध मारलंय, मजुरांची वाट पाहिलीय, ते रेंगाळतात.

हॉप्स म्हणजे नेमकं काय? फळ, फूल की धान्य?

फूल. हॉपची बहुवर्षायू वेल असते. एकदा लावली की गड्डा जमिनीत पंधरा-वीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त टिकतो. वरची वेल मात्र दर वर्षी नवी येते आणि हिवाळ्याआधी संपते. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. पीक मादीचंच घेतात. मादीच्या फुलोऱ्यातून हिरवी, पाकळ्या-पाकळ्यांची, बोटाच्या पेरांएवढी बोंडं तयार होतात. ती उघडून पाहिली की पाकळीच्या बुडाशी पिवळी धूळ दिसते. तिचं नाव ल्युप्युलिन. सगळी किंमत या धुळीची. कडूपणा तिच्यात, सुगंध तिच्यात.

जर्मनीच्या हॉप प्रदेशांत नर वेल दिसली की उपटून टाकतात, रानात उगवलेलीसुद्धा. परागीकरण झालं तर बोंडात बी धरतं, आणि बी धरलेला माल इथं कमी प्रतीचा समजतात.

एक गोष्ट आत जाण्याआधी ठाऊक असलेली बरी: हॉप आणि भांग एकाच कुळातल्या वनस्पती आहेत. पण हॉपमध्ये भांगेची नशा अजिबात नाही. उलट इथले लोक शांत झोपेसाठी हॉपचा काढा घेतात आणि वाळलेली बोंडं भरलेली छोटी उशी उशाशी ठेवतात. औषधांच्या दुकानात व्हॅलेरियन आणि हॉप एकत्र असलेल्या झोपेच्या वनस्पतिजन्य गोळ्या सहज मिळतात.

मग बिअरमध्ये त्याचं काम काय?

दोन कामं. माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, पाणी नुसतं उकळलं तर ते मिट्ट गोड लागतं. हॉप्स उकळताना त्यातली आम्लं बदलतात आणि कडूपणा येतो, त्यानं चव तोलली जाते. दुसरं काम टिकाऊपणाचं. हीच आम्लं पेय नासवणाऱ्या अनेक जिवाणूंना वाढू देत नाहीत. बाराव्या शतकातल्या हिल्डेगार्ड फॉन बिंगेन या मठवासी विदुषीनं हॉपच्या या गुणाची नोंद केली होती. पुढं २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाटला बव्हेरियाच्या ड्यूकांनी फर्मान काढलं, की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही. या पिकाला कायद्याचा आधार मिळाला तो असा. इंगोलश्टाट इथून जेमतेम ३० किलोमीटर.

म्युनिकहून कसं जायचं?

गाडी असेल तर ए-९ महामार्गानं न्यूरेम्बर्गच्या दिशेला निघा, होलेडाऊच्या तिठ्यावर ए-९३ धरा आणि वोल्नत्साखचा फाटा घ्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच खांब आणि तारांचे मांडव दिसू लागले की हालरटाऊ आलं.

रेल्वेनं जायचं तर म्युनिक-इंगोलश्टाट मार्गावरच्या प्रादेशिक गाडीनं रोरबाख स्थानकावर उतरायचं. पाऊण तासाचा प्रवास. तिथून वोल्नत्साख काही किलोमीटरवर आहे. बस आहे, पण शनिवार-रविवारी ती विरळ असते, म्हणून परतीची वेळ आधीच बघून ठेवा. सायकल गाडीत नेता आली तर उत्तमच. मांडवांच्या मधून जाणारे रस्ते सौम्य चढउताराचे आहेत. डॉइचलांड-तिकीट किंवा बायर्न-तिकीट या प्रवासाला चालतं. बायर्न-तिकीट कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतरच लागू होतं, हे विसरू नका.

कोणत्या महिन्यात जावं?

ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य. दुसरं उत्तर माझ्याकडे नाही. तोडणी तेव्हाच चालते. ट्रॅक्टरच्या मागे वेलींचे भारे लादलेले दिसतात, प्रत्येक वस्तीवरची भट्टी चालू असते आणि सगळ्या प्रदेशावर हॉपचा वास पसरलेला असतो: थोडा गवताचा, थोडा लिंबाच्या सालीचा, थोडा राळेचा. संग्रहालयात जे बघितलं तेच बाहेर चाललेलं दिसतं.

ते जमत नसेल तर जून. हॉपची वेल या काळात दिवसाला ३० सेंटीमीटरपर्यंत वाढू शकते. एप्रिलच्या मध्याला जमिनीतून डोकावलेला कोंब जुलैच्या सुरुवातीला सात मीटर उंचीच्या तारेला टेकतो. आज पाहिलेली वेल चार दिवसांनी पुन्हा बघा, फरक नुसत्या डोळ्यांना कळतो.

एप्रिल-मे महिन्यांत वेली तारेवर चढवायचं काम चालतं. प्रत्येक गड्ड्यातून भरपूर कोंब फुटतात. त्यांतले दोन-तीन निवडून हातानं तारेभोवती गुंडाळायचे आणि बाकीचे काढून टाकायचे. हॉपची वेल वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं वळते. उलटं गुंडाळलं तर ती सुटून येते. या कामाला आजही यंत्र नाही. वाकून, गड्ड्यामागून गड्डा, माणसांनीच करायचं.

हिवाळ्यात संग्रहालय बघता येतं, पण शेतात नुसते खांब आणि तारा. सोबत वयस्कर माणसं असतील तर तेव्हा नका जाऊ.

वेळ आणि तिकीट?

सोमवारी बंद. इतर दिवशी दिवसा उघडं असतं. सणासुदीला आणि हिवाळ्यात वेळा बदलतात, म्हणून निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर बघा. तिकीट म्युनिकच्या मोठ्या संग्रहालयांपेक्षा स्वस्त आहे. दोन तास हाताशी ठेवा.

आत सर्वांत आधी काय बघावं?

तोडणीचा भाग. घाईत असलात तर बाकीचं सोडा, पण हे सोडू नका.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हॉपचं एकेक बोंड हातानं खुडलं जायचं. वेल खाली ओढायची, मांडीवर घ्यायची आणि दोन्ही हातांनी बोंडं टोपलीत टाकत जायचं. पीक पक्व झाल्यावर हातात जेमतेम तीन आठवडे असतात. उशीर झाला तर बोंडं तपकिरी पडतात, ल्युप्युलिन गळतं, भाव कोसळतो. गावातल्या माणसांच्यानं हे काम आटपणं शक्यच नव्हतं. मग दर हंगामाला बव्हेरियन जंगलातून, ओबरफाल्त्सच्या गरीब गावांतून, म्युनिकच्या कामगार वस्त्यांतून हजारो माणसं इथं यायची. रेल्वेनं, बायका-मुलांसकट, गाठोडी घेऊन. आपल्याकडच्या ऊसतोड टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागत नाही.

झोपायला धान्याच्या कोठारात पेंढा. पहाटे धुकं असतानाच शेतात. वेलीवर बारीक काटेरी लव असते, त्यानं हातांवर ओरखडे उठतात. बोंडांची राळ बोटांना चिकटून हात काळे पडतात आणि साबणानं निघत नाहीत. मजुरी मापावर मिळायची. मापाचं नाव मेट्सन, सुमारे ६० लिटरचं. टोपली त्यात रिकामी करायची. माप भरलं की शेतकरी धातूचा एक बिल्ला हातात द्यायचा. हंगाम संपला की बिल्ले मोजून पैसे.

हे माप भरण्यावरून शेतात कायम कुरबूर असे. बोंडं हलकी आणि फुगीर. सैल टाकली तर माप लवकर भरतं, दाबली तर त्याच मापात कितीतरी जास्त माल बसतो. दाबायचं की नाही, किती दाबायचं, हे शेतकरी ठरवणार आणि मजूर बघत राहणार. काचेमागचा तो लहानसा बिल्ला बघताना हे आठवा. माझे वडील त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. नंतर एवढंच म्हणाले, "माप दुसऱ्याच्या हातात असलं की असंच."

दुसरी बाजूही आहे. शहरातल्या अनेक कष्टकरी कुटुंबांसाठी वर्षातून एकदा मोकळ्या हवेत राहण्याचे आणि पोटभर खाण्याचे हेच दिवस. शेवटची वेल उतरली की शेतकरी सगळ्यांना जेवण द्यायचा, गाणी व्हायची, नाच व्हायचा. लग्नंही जमायची. कष्ट आणि आनंद यांतलं एकच चित्र खरं मानून बाहेर पडू नका.

मग हे सगळं कधी थांबलं?

१९५० च्या दशकात तोडणी यंत्रं आली आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत हातानं खुडणं संपलं. आता ट्रॅक्टर अख्खी वेल तारेसकट ओढून काढतो, भारा वस्तीवर येतो आणि तिथलं यंत्र बोंडं वेगळी करतं. संग्रहालयातलं जुनं यंत्र बघा, त्याचा आकारच सांगतो की किती हातांची जागा त्यानं घेतली.

त्याची किंमत लहान शेतकऱ्यानं मोजली. दोन-तीन एकरांच्या हॉपसाठी एवढं यंत्र परवडत नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत तेरा हजारांहून अधिक कुटुंबं हॉप लावत होती. आज साधारण हजार उरली आहेत, आणि क्षेत्र मात्र तेव्हापेक्षा जास्त आहे. मजूरही पूर्ण गेलेले नाहीत. वेली चढवायला आणि तोडणीच्या दिवसांत पोलंड, रुमानियाहून माणसं येतात. फक्त आता ती शेतात रांगेनं बसलेली दिसत नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

आम्ही नाशिककडचे द्राक्षवाले. आम्हाला ओळखीचं काही सापडेल का?

भरपूर. माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, त्यामुळं या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार.

मांडव बघून पहिली ओळख पटते. उंचीचा फरक आहे. आपला द्राक्षाचा मांडव डोक्याच्या जरा वर, यांचा सात मीटर. खांब लाकडी, वरती आडव्या तारांचं जाळं आणि त्यातून जमिनीपर्यंत सोडलेली एकेक उभी तार. ही उभी तार दर वर्षी नवी बांधावी लागते, कारण तोडणीच्या वेळी ती वेलीबरोबर खाली येते. तारांचे मांडव येण्याआधी प्रत्येक वेलीला स्वतंत्र लाकडी खांब असायचा, आणि तोडणीला तो खांबच उपटून आडवा करायचा. जंगलाचं जंगल या खांबांत जायचं.

दुसरी ओळख छाटणीची. वसंतात गड्ड्यावरची माती बाजूला करून जुने कोंब कापतात, म्हणजे नवी फूट एका वेळी आणि जोमानं येते.

तिसरी ओळख रोगांची, आणि इथं माझे काका एकदम सावरून उभे राहिले. हॉपवर येणारा सर्वांत घातक रोग म्हणजे केवडा, आपण त्यालाच डाऊनी म्हणतो. द्राक्षावरच्या डाऊनीची बुरशी वेगळी आणि हॉपवरची वेगळी, पण दोन्ही एकाच प्रकारातल्या. दोघींना ओल लागते, दोघी पानाच्या खालून पसरतात, आणि दोघींवर पहिला उपाय निघाला तो तांब्याचा, म्हणजे मोरचूद आणि चुना. १९२० च्या दशकात हा रोग जर्मनीत शिरला आणि १९२६ मध्ये त्यानं हालरटाऊचं पीक झोपवलं. तोवर इथल्या शेतकऱ्याला फवारणी ठाऊकच नव्हती. त्याच वर्षी बिअर कारखानदारांनी पुढाकार घेऊन संशोधन संस्था स्थापन केली आणि वोल्नत्साखजवळच्या ह्युल या वाडीत केंद्र उघडलं. जुने फवारे, हातपंप, घोड्यानं ओढायचे पंप यांच्याकडं याच ओळखीनं बघा.

भुरीही आहे. आणि मुळांतून शिरणारा मर रोगही. या मर रोगानं १९५० च्या दशकात 'हालरटाऊअर मिटेलफ्र्यू' ही इथली जुनी, नाजूक वासाची जात बहुतेक शेतांतून हुसकावून लावली. ह्युलच्या केंद्रानं मग रोगाला टिकणाऱ्या जाती काढल्या. पेर्ले, माग्नुम, अलीकडची हेर्कुलेस या तिथल्याच. मांडारीना बव्हारिया ही २०१२ ची जात, तिच्या बोंडांना संत्र्यासारखा वास येतो. आता तिथलं मुख्य काम उष्णता आणि दुष्काळ सोसणाऱ्या जाती शोधण्याचं आहे. २०२२ च्या कोरड्या उन्हाळ्यात जर्मनीचं हॉप उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा चौथ्या हिश्शाहून जास्त घटलं. बेमोसमी पावसानं बाग गेलेल्या माणसाला या आकड्यामागचं घर दिसतं.

एक मोठा फरक मात्र ध्यानात घ्या. द्राक्षाचं गिऱ्हाईक कोट्यवधी खाणारे आहेत. हॉपचं गिऱ्हाईक म्हणजे मूठभर मोठ्या कंपन्या. बरेचसे सौदे काही वर्षं आधीच करारानं ठरतात. भाव पडला तर माल बाजारात नेऊन विकण्याची सोय नाही, कारण दुसऱ्या कुणाला त्याचा फारसा उपयोग नाही.

वाळवणी आणि भट्टीचा भाग समजला नाही. थोडक्यात सांगाल का?

ताज्या बोंडात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तसंच ठेवलं तर काही तासांत तापून सडतं. म्हणून तोडलं त्याच दिवशी भट्टीवर. खालून ६०-६५ अंशांची गरम हवा सोडून पाणी १० टक्क्यांपर्यंत उतरवतात. जास्त तापलं तर सुगंध उडतो, कमी वाळलं तर बुरशी येते. जुन्या काळी घरमालक भट्टीशेजारीच रात्र काढायचा. हालरटाऊमधली जुनी घरं बघताना उंच छपराखालचे मजले दिसले तर समजा, तिथं हॉप वाळवत होते.

गोण्यांवरच्या मोहरा-शिक्क्यांचं एवढं महत्त्व का?

कारण फसवणूक. वाळलेलं बोंड कुठल्या गावचं हे बघून ओळखणं कठीण आणि नावाजलेल्या गावच्या मालाला भाव दुप्पट. साहजिकच हलका माल चांगल्या नावानं खपवला जाई. बव्हेरियातल्याच श्पाल्ट गावानं १५३८ मध्ये आपल्या मालावर मोहर लावण्याचा अधिकार मिळवला. हालरटाऊच्या गावांनी पुढं तोच मार्ग धरला. १९२९ मध्ये जर्मनीत मूळ गावाच्या दाखल्याचा कायदाच झाला. आजही गोणी सील होते, तिच्यासोबत कागद जातो.

व्यापाराची पेठ न्यूरेम्बर्गला होती. एकोणिसाव्या शतकात ती जगातली सर्वांत मोठी हॉप बाजारपेठ बनली, आणि ती उभी करण्यात ज्यू व्यापारी घराण्यांचा वाटा फार मोठा होता. शेतकऱ्याला उचल देणारे, माल पारखणारे, तो समुद्रापार पाठवणारे हेच लोक. १९३३ नंतर नाझींनी त्यांचे धंदे हिसकावले. काही कुटुंबं देश सोडून वाचली, अनेक वाचली नाहीत. न्यूरेम्बर्गच्या त्या पेठेत पुन्हा तो काळ आला नाही. हॉपचा इतिहास सांगताना हा भाग पटकन उरकला जातो. मुलांना सोबत नेलंत तर तुम्ही उरकू नका.

जर्मन येत नाही. अडेल का?

मुख्य मजकूर जर्मनमध्ये आहे. फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतर होतं, तेवढं पुरतं. घरातल्या कुणाला थोडं जर्मन येत असेल तर त्यानं आधी एकट्यानं एक फेरी मारावी आणि मग ज्येष्ठांना मराठीत सांगत न्यावं. आमच्याकडं हाच प्रकार सर्वांत चांगला जमला. वस्तू बहुतेक शेतकऱ्याच्या घरातल्या आहेत: टोपल्या, विळे, पंप, माप, गोण्या. पाटी न वाचताही वडील मंडळी अर्ध्याहून जास्त ओळखतात.

लहान मुलं कंटाळतील का?

पाच वर्षांखालची थोडी कंटाळतील. त्याहून मोठ्यांना एकच काम द्या: बोंड हातात मिळालं तर ते चुरडून तळव्याचा वास घ्यायला सांगा आणि प्रत्येकानं वेगळा शब्द वापरून तो वास सांगायचा. माझ्या भाच्यानं "पावसातलं लिंबाचं झाड" म्हटलं होतं.

शेतात शिरून फोटो काढले तर चालतं का?

रस्त्यावरून काढा. मांडवाखाली शिरायचं असेल तर मालकाला विचारा. वस्तीवर कुणी ना कुणी असतंच, आणि नम्रपणे विचारलं तर बहुतेक जण स्वतः सोबत येऊन दाखवतात. न विचारता शिरू नका. फवारणी नुकतीच झालेली असू शकते आणि वेलीची लव लागून अंगाला खाज सुटते. बोंड तोडू नका. आपल्या बागेतला घड कुणी येता-जाता तोडला तर कसं वाटतं, ते आपल्याला माहीत आहे.

शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं, पण निवड थोडी. गावातल्या खानावळींत चीजमधल्या शेवयांसारखा केझश्पेत्सले हा प्रकार बहुधा असतो. त्यावरचा कांदा तळताना डुकराची चरबी वापरली नाही ना, एवढं विचारून घ्या. एप्रिल ते २४ जून या काळात पांढऱ्या शतावरीचा हंगाम असतो. जवळच्या श्रोबेनहाउझेनची शतावरी प्रसिद्ध आहे. मार्च-एप्रिलमध्ये नशीब असेल तर हॉपचे कोवळे कोंब खायला मिळतात. ते जमिनीखालून हातानं काढावे लागतात, म्हणून महाग. लोण्यात परतून देतात, चव किंचित कडवट आणि सुकामेव्याच्या जवळ जाणारी. उपास-तापास किंवा कांदा-लसूण वर्ज्य असेल तर सरळ घरून पोळीभाजी न्या, गावात बसायला बाकं आहेत.

भारतात हॉप्स होतात का? आपल्या महाराष्ट्रात लावून बघता येतील का?

हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात १९७० च्या दशकापासून होतात, बटाटा आणि वाटाण्याच्या जोडीला. क्षेत्र लहान आहे. पुण्या-मुंबईतल्या क्राफ्ट ब्रुअरी बहुतेक हॉप्स परदेशातूनच मागवतात.

महाराष्ट्रात शेतकऱ्यानं यात पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. जून महिन्यात हालरटाऊचा दिवस सोळा तासांचा असतो, नाशिकचा सव्वातेरा तासांचा. हॉपच्या वेलीला आधी लांब दिवसांत उंच वाढायचं असतं आणि मग दिवस लहान होऊ लागले की फुलायचं असतं. आपल्याकडं दिवस मुळात लहान, त्यामुळं वेल खुरटी असतानाच फुलते. शिवाय गड्ड्याला कडक थंडीची विश्रांती लागते, ती निफाडच्या गारठ्यातही पुरेशी मिळत नाही. म्हणूनच जगातली बहुतेक हॉप शेती ३५ ते ५५ अंश अक्षांशांच्या पट्ट्यात आहे. 'नवं पीक, लाखोंचं उत्पन्न' असं सांगत कुणी रोपं विकायला आलं तर हे दिवसाच्या तासांचं गणित त्याला विचारा.

मुंबईशी हॉपचा जुना संबंध आहे तो समुद्रावरून. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनहून मुंबई आणि कलकत्त्याला निघणाऱ्या जहाजांवर इंग्रजांसाठी बिअरची पिंपं असायची. आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिन्यांचा प्रवास, वाटेत दोनदा विषुववृत्त. त्यात माल टिकावा म्हणून हॉप्स जास्त घातले जायचे. ते हॉप्स मात्र हालरटाऊचे नव्हते, इंग्लंडमधले होते.

आठवण म्हणून रोप किंवा गड्डा गावी नेला तर?

नको. परवान्याशिवाय आणि रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय रोपं, गड्डे, बिया भारतात आणता येत नाहीत, आणि हा नियम शेतकऱ्याच्याच भल्याचा आहे. केवडा कसा देशोदेशी पोचला हे संग्रहालयात नुकतंच बघून आलेल्या माणसानं तरी तो मोडू नये. न्यायचंच असेल तर हॉपचा साबण किंवा पोस्टकार्डं न्या.

गावात आणखी काही?

जर्मनीच्या हॉप उत्पादक शेतकऱ्यांच्या संघटनेचं मुख्य कार्यालय इथंच आहे. ऑगस्टमध्ये गावची जत्रा भरते, तेव्हा हालरटाऊची हॉपराणी निवडतात. ती हॉप शेतकऱ्याच्या घरातली मुलगी असते आणि वर्षभर या पिकाची बाजू मांडत फिरते. गर्दी आवडत असेल तर तेव्हा या. संग्रहालय शांतपणे बघायचं असेल तर ते दिवस टाळा.

आम्ही बव्हेरियात राहत नाही. दुसरीकडं असं काही आहे का?

आहे. श्टुटगार्टच्या बाजूला असाल तर कॉन्स्टन्स सरोवराजवळचं टेटनांग गाठा. तिथं हॉपच्या एका चालू शेतावरच संग्रहालय आहे. चेक देशात प्रागच्या वायव्येला झातेत्स हे गाव आहे. तिथली हॉपची गोदामं, भट्ट्यांची धुराडी आणि भोवतीची शेतं यांना २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली. एक संपूर्ण दिवस मोकळा असेल तर वोल्नत्साखपेक्षाही आधी तिथं जा, असं मी प्रामाणिकपणे सांगेन. बेल्जियममध्ये पोपेरिंगं गावात जुन्या सरकारी वजनकाट्याच्या इमारतीत संग्रहालय आहे. अमेरिकेत सिॲटलकडच्या मराठी मंडळींनी याकिमा खोऱ्यातल्या टोपेनिशला जावं. अमेरिकेतले बहुतांश हॉप्स त्याच खोऱ्यात आणि आसपास पिकतात. ते संग्रहालय हिवाळ्यात बंद असतं, आणि डोंगर ओलांडून जायचं असल्यानं एका बाजूचा प्रवास तीन तासांच्या आसपास धरा.